आईसारखं माझंही होईल का?

प्रश्न: ताई, मी 29 वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. माझा जन्म झाल्यावर आठवड्याभरात आईच्या डोक्यावर परिणाम झाला, झोपायचीच नाही, हे बाळ माझं नाही म्हणायची. आधी अंगारे-धुपारे, मग डॉक्टर, पुढे बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी येण्याचा आजार) निघालं. मला स्वतःला कधी काही नाही झालं. सासूबाई गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराला नवस बोलून आल्यात. मला मूल हवंय की नको तेच कळेना. आईला विचारायचीही भीती वाटते.

उत्तर: अगं, आधी भीतीचं बोलू. बाळंतपणानंतरचा हा मोठा मानसिक आजार (पोस्टपार्टम सायकोसिस) हजारात एक-दोघींना होतो. आईला झालेला असेल आणि आपल्याला आधी कुठलाच मानसिक त्रास नसेल तर शंभरात साधारण तिघींना. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण बाकीच्या सत्त्याण्णव जणींना होत नाही हेही तितकंच खरं ना. बाळाचं विचारशील तर आजीच्या आजारामुळे त्याला होईलच असं काही नाही.

आईच्या वेळेस कुणाला काही माहीतच नव्हतं, तुझ्या वेळेस सगळ्यांना आधीच माहीत असेल, हा फार मोठा फरक आहे. दिवस राहायच्या आधीच मानसोपचार डॉक्टरांना एकदा भेट, बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही हे सांगून ठेव. हा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो, झोप उडणं ही बऱ्याचदा पहिली खूण, आणि लगेच दवाखान्यात नेलं तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, पण तुझ्या माहेरी रात्री बाळाला कोण घेणार, तुला सलग चार-पाच तास झोप कशी मिळणार हे आधी ठरव, नाही जमत तर खुशाल सासरीच राहा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

आईशी बोलच गं. कितव्या दिवशी सुरू झालं, कुठल्या गोळ्या लागू पडल्या, डॉक्टर हेच विचारतील. आणि मला वाटतं तिलाही इतकी वर्षं कुणी प्रेमानं विचारलंच नसेल.

आता मूल हवं की नको. उद्या डॉक्टर म्हणाले धोका शून्य, तर तुला आनंद होईल की नको म्हणायचं कारण गेलं म्हणून वाईट वाटेल? हे नवऱ्याजवळ मोकळेपणानं बोल, उत्तर नको असं आलं तरी त्यात काही चुकीचं नाही. सासूबाईंना नवऱ्यानं सांगावं, तू नाही.

रात्री फारच जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.