वाचक विचारतात: पेप्टाइड चांगलंय, पण ते दाराबाहेर उभंय

ह्या वेळी तीन पत्रं एकाच विषयावरची आली, इंटरफेरॉन रिसेप्टर आणि त्याच्या अभ्यासासाठी लॅबमध्ये बनवलेली छोटी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्या. (इंटरफेरॉन हे पेशींना संसर्गाचा निरोप देणारं प्रोटीन, अल्फा, बीटा, गॅमा हे त्याचे प्रकार, आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप पकडणारं पेशीवरचं प्रोटीन.) म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी इंटरफेरॉन गॅमाच्या रिसेप्टरचा एक तुकडा सिंथेटिक पेप्टाइड म्हणून बनवून घेतला, टायरोसीन ४४० (साखळीतलं ४४० क्रमांकाचं अमिनो ॲसिड) च्या आसपासचा, फॉस्फेट लावलेला. ते स्टॅट१ ला (रिसेप्टरचा निरोप न्यूक्लियसमध्ये नेणाऱ्या प्रोटीनला) अडकवून ठेवेल आणि सिग्नल बंद पडेल अशी कल्पना होती. पेशींवर १० मायक्रोमोलर टाकलं, मग गॅमा दिला, वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला, पण फॉस्फो-स्टॅट१ चा, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेल्या स्टॅट१ चा, बँड जसाच्या तसा. ५० मायक्रोमोलर केलं तरी तेच. गाइड म्हणतात पेप्टाइड खराब आलंय. खरंच तसं असेल का?

उत्तर: पेप्टाइडला उगाच दोष नको देऊस, ते बहुतेक ठणठणीत असणार, फक्त दाराबाहेर उभंय. आता हे बघ, गॅमा बाहेरून येऊन रिसेप्टरला चिकटतो, मग आतल्या बाजूला जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइमं जागी होतात, ती रिसेप्टरच्या शेपटीतल्या टायरोसीन ४४० वर फॉस्फेट बसवतात, आणि तिथे स्टॅट१ आपल्या एसएच२ खाचेनं येऊन बसतो. मग त्याच्या स्वतःच्या टायरोसीन ७०१ वर फॉस्फेट लागतं, दोन स्टॅट१ एकमेकांना धरतात आणि न्यूक्लियसमध्ये जातात. म्हणजे तुझ्या पेप्टाइडला ज्याच्याशी गाठ घालायचीय तो सगळा कारभार पेशीच्या आत चाललाय, आणि तू पेप्टाइड ओतलंस मीडियामध्ये. फॉस्फेटचा निगेटिव्ह चार्ज घेऊन ते तेलकट पडद्यातून आपलं आपण आत शिरेल ही आशाच सोड. ५० काय, ५०० केलंस तरी फारसा फरक पडणार नाही.

कल्पना मात्र चुकीची नाही हं. ४४० पासून पुढची टायरोसीन, ॲस्पार्टिक ॲसिड, लायसीन, प्रोलीन, हिस्टिडीन ही पाच अक्षरं म्हणजेच स्टॅट१ ची बसायची जागा, हे १९९४ मध्येच दाखवलं गेलंय, आणि फॉस्फेट लावलेलं तेवढं पेप्टाइड पेशी फोडून काढलेल्या रसात स्टॅट१ ला धरतं. फॉस्फेट नसलेलं धरत नाही. म्हणून आधी तेच कर ना. पेप्टाइडच्या टोकाला बायोटिन लावून घे, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या बीड्सवर बसव, लायसेट (तोच पेशींचा रस) फिरव आणि बघ स्टॅट१ खाली येतो का. शेजारी फॉस्फेट नसलेलं पेप्टाइड आणि तीच अक्षरं उलटसुलट केलेलं स्क्रॅम्बल्ड पेप्टाइड ठेव. तिथे स्टॅट१ आला तर पेप्टाइड खराब नाही हे तुझ्या गाइडना ब्लॉटच दाखवता येईल, वाद घालायची गरज नाही.

पेशीत घालायचंच असेल तर टोकाला टॅट किंवा पेनेट्रॅटिनसारखं आत घुसणारं शेपूट जोडतात. टॅट हे एचआयव्हीच्या प्रोटीनमधून घेतलंय, पेनेट्रॅटिन फळमाशीच्या एका प्रोटीनमधून. पण त्याचेही नखरे आहेत. बरंचसं पेप्टाइड एंडोसोमच्या पिशवीतच अडकून बसतं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी चमकताना दिसते आणि आपण खूश, पण आतल्या सायटोप्लाझममध्ये किती पोचलं ते वेगळंच. शिवाय आत टपून बसलेले फॉस्फेटेज फॉस्फेट कापून टाकतात, मग खाचेत बसायला उरतं काय? त्यासाठी न कापता येणारं फॉस्फोटायरोसीनसारखं अमिनो ॲसिड वापरतात, महाग पडतं, पण निदान प्रयोगाला अर्थ येतो. आणि कंट्रोल म्हणून टॅट लावलेलं स्क्रॅम्बल्डच हवं, नुसतं डीएमएसओ (पेप्टाइड विरघळवायचं द्रावण) नाही, कारण टॅट स्वतःच पेशींना त्रास देऊ शकतं आणि मेलेल्या पेशींमध्येही फॉस्फो-स्टॅट१ कमीच दिसतो. अशा "यशस्वी" ब्लॉटवर मी स्वतः एकदा पार्टी दिलीय, नंतर पेशी मोजल्या तेव्हा निम्म्याही उरल्या नव्हत्या.

अजून एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समज तुझं पेप्टाइड आत गेलं आणि बँड कमी झाला, तरी "मी रिसेप्टरची जागा अडवली" असं लिहू नकोस लगेच. दोन स्टॅट१ एकमेकांना धरतात ते त्याच एसएच२ खाचेनं, म्हणजे तुझं पेप्टाइड रिसेप्टरवर बसणं आणि जोडी जमणं, दोन्हींत अडथळा आणू शकतं. इंटरफेरॉन अल्फाचा सिग्नलही बिघडू शकतो, तिथेही स्टॅट१ आहेच. म्हणून अल्फा दिलेल्या पेशींची एक लेन ठेव. जॅक थांबवणारं रक्सोलिटिनिब एका लेनमध्ये घाल, तिथे बँड गेलाच पाहिजे, नाहीतर तुझी ॲसे, म्हणजे चाचणीच, चालत नाहीये. आणि गॅमा दिल्यावर १५ ते ३० मिनिटांतच पेशी उचल, दोन दोन तासांनी उचलून "फरक नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न: आमच्याकडे उलटा प्रकार आहे. मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) पेप्टाइड एकटंच टाकलं, इंटरफेरॉन न देता, तरी स्टॅट१ चालू होतोय. स्क्रॅम्बल्डनेही थोडा होतोय! पेप्टाइड रिसेप्टर चालू करतंय असं समजायचं का?

उत्तर: स्क्रॅम्बल्डनेही होतोय हे तुम्हीच लिहिलंत, उत्तर तिथेच आहे. मला पहिला संशय एंडोटॉक्सिनचा, म्हणजे बॅक्टेरियांच्या आवरणातल्या एलपीएस ह्या विषारी घटकाचा. पेप्टाइड केमिकल पद्धतीनं बनतं, मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये रेझिनच्या मण्यांवर एकेक अमिनो ॲसिड जोडायची युक्ती काढली, १९८४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, त्यात बॅक्टेरिया कुठेच नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाणी, काचेची भांडी, बफर, हे सगळं असतंच की. आणि मॅक्रोफेज इतके तिखट नाकाचे की मिलीलिटरमध्ये नॅनोग्रॅमभर एलपीएस असलं तरी त्यांना कळतं. मग एलपीएस ओळखणारा टीएलआर४ हा रिसेप्टर चालू होतो, पेशी स्वतःच इंटरफेरॉन बीटा बनवून बाहेर टाकते, तो तिच्याच रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि स्टॅट१ चालू. तुम्हाला वाटतं पेप्टाइडनं केलं.

ओळखायचं कसं? वेळ बघा. थेट रिसेप्टरवरून आलेला सिग्नल काही मिनिटांत दिसतो, बीटा बनवून बाहेर टाकून परत यायला तास-दोन तास लागतात. अल्फा-बीटाच्या रिसेप्टरला अडवणारी अँटिबॉडी घालून बघा, बँड गेला तर हाच रस्ता. एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून बघा. आणि लायमुलस टेस्ट करून घ्या, ती हॉर्सशू क्रॅब नावाच्या निळ्या रक्ताच्या समुद्री प्राण्यावर आधारलेली, एंडोटॉक्सिन दिसलं की ते रक्त गोठतं. त्या बिचाऱ्यावर आपल्या सगळ्या ॲसेज उभ्या आहेत!

आणि जमलं तर रिसेप्टरच नसलेल्या पेशी मागवा. यू५ए ही मानवी पेशींची लाइन आहे, तिच्यात अल्फा-बीटाच्या रिसेप्टरची एक साखळीच नाही, यू३ए मध्ये स्टॅट१ नाही. अशा म्युटंट पेशींवरूनच हा सगळा मार्ग उलगडला होता. तिथेही तुमचं पेप्टाइड "काम" करत असेल तर ते कशावर काम करतंय हे नव्यानं शोधावं लागेल.

प्रश्न: व्हायलवर ५ मिलिग्रॅम आणि शुद्धता ९५ टक्के लिहिलंय. तरी आमचे आकडे दरवेळी कमी येतात.

उत्तर: ९५ टक्के म्हणजे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) दिसलेल्या पेप्टाइडांपैकी ९५ टक्के तुमचं. त्या पावडरीत पाणी आणि बनवताना वापरलेल्या टीएफए ह्या ॲसिडचं मीठही असतं, ते त्या आकड्यात धरलेलं नसतं. खरं पेप्टाइड किती ते "नेट पेप्टाइड कंटेंट" मध्ये लिहितात, समजा ७० टक्के असेल तर ५ चे झाले साडेतीन, आणि तुमचं १० मायक्रोमोलर झालं ७. लायसीन-आर्जिनीन जास्त असले की टीएफए जास्त, टॅटवाल्यांनी तर हे बघावंच. पेशींवर टाकायचं असेल तर ऑर्डर देतानाच ॲसिटेट मीठ मागा.

आणि ह्याच पत्रात शेवटी लिहिलंय, की ओळखीच्या कोणीतरी असलं पेप्टाइड "प्रतिकारशक्तीसाठी" टोचून घ्यायचं ठरवलंय, काही होईल का. अहो, अजिबात नको, त्यांना आजच फोन करा. व्हायलवरची "फक्त संशोधनासाठी" ही कंपनीनं पाठ राखायला लिहिलेली ओळ नाही, त्या व्हायलची निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन, माणसातला डोस, काहीच तपासलेलं नसतं. वर मॅक्रोफेजचं सांगितलं तेच रक्तात झालं तर? आणि इंटरफेरॉन जास्त म्हणजे चांगलं असंही नाही, ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, हाच सिग्नल नको तितका चालू असतो म्हणून अल्फा-बीटाच्या रिसेप्टरला अडवणारं ॲनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये औषध म्हणून मंजूर झालं. उलट कोविडच्या गंभीर रुग्णांपैकी काहींच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, तिथे कमी पडल्यानं घात झाला. दोन्हीकडे माणसं आजारी पडतात, आणि तुमच्या ओळखीच्यांच्या शरीरात आत्ता तो कमी आहे की जास्त हे ती पावडर विकणाऱ्याला माहीत नाही.

जाता जाता, पावडर उणे २० वर कोरडी ठेवा, फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी ओढून घेते. विरघळवलं की लगेच छोटे ॲलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करा. एकच ट्यूब दहादा वितळवून गोठवणाऱ्यांची पत्रं मी आता घेणार नाही.