समुद्र शिकायचा असेल तर

अनेक आशीर्वाद.

सागरी विज्ञानाला प्रवेश घ्यावा का, असं तू विचारलंस. जरूर घे, पण आधी गणिताची भीती घालव. देवमासे आणि प्रवाळांच्या ओढीने पुष्कळ मुलं इकडे येतात आणि पहिल्याच वर्षी समीकरणं पाहून खचतात. ती ओढ मोलाची आहे, जप तिला. पण समुद्रातलं जीवन कळायला आधी पाणी कळावं लागतं. सूर्यप्रकाश पोचतो वरच्या थरात, म्हणून वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, तिथेच वाढतात. माशांचं अन्न त्यांच्यापासूनच सुरू होतं. त्यांना खत म्हणून लागणारं नायट्रेट मात्र खालच्या थंड पाण्यात साठलेलं. वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून ते पाणी जिथे वर आणतात, तिथे मासळी उदंड. पेरू देशाची अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी याच्याच जोरावर वाढली. 1972 साली एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापून खालचं थंड पाणी वर येणं मंदावतं ती स्थिती) आणि बेसुमार मासेमारी एकदम आली आणि ती कोसळली. आता यात भौतिकशास्त्र कुठे संपलं आणि जीवशास्त्र कुठे सुरू झालं, सांग बरं!

दुसरं, मोजमापांचे ढीग हाताळायला प्रोग्रॅमिंग शीक. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे 4,000 फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप वरखाली होणारी यंत्रं, साधारण दर दहा दिवसांनी 2,000 मीटर खोलीवरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. हा डेटा कुणालाही मोफत मिळतो, तुलाही, आजच. नौकेवर न जाताही शोध लागतात: अमेरिकन भूवैज्ञानिक मेरी थार्पला, बाई म्हणून, त्या काळी संशोधन नौकेवर जाऊ देत नव्हते. इतरांनी आणलेल्या खोलीच्या नोंदी कागदावर मांडूनच तिने अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली दरी शोधली.

नोकऱ्यांचं म्हणशील, तर विद्यापीठातल्या कायमच्या जागा थोड्या, आणि त्यांच्यासाठी पीएचडी हवीच. बाहेरचं क्षेत्र मोठं आहे: बंदरं, समुद्रतळावरच्या केबल आणि समुद्रातल्या पवनचक्क्या यांच्यासाठी जलसर्वेक्षण, पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन, हवामान खाती, मत्स्यसाठ्यांचा अंदाज. यातलं शेवटचं काम मला फार आवडतं. माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजून त्याचं वय काढायचं आणि त्यावरून किती मासे धरू द्यावेत हे ठरवायला मदत करायची.

विद्यापीठ निवडताना एवढं विचार: विद्यार्थ्यांना बोटीवर प्रत्यक्ष किती दिवस मिळतात, आणि प्रयोगशाळेत उपकरणं ते स्वतः हाताळतात का? अभ्यासक्रम हाती आला की मला पाठव. ऐच्छिक विषय आपण मिळून ठरवू.