मार्क्स अँड स्पेन्सरचे कपडे खरंच बिघडले का? आणि खाण्याचं नाव कसं टिकलं?

तुम्ही विचारलंय की, लंडनजवळ नव्याने राहायला आल्यावर ऑफिसातले वयस्कर सहकारी सांगतात, ‘मार्क्समधून खायचं घ्या, कपडे नकोत’. तरुण मंडळी नेमकं उलट सांगतात, ‘कपडे आता छान झालेत, खाणं महाग आहे’. मग ऐकायचं कुणाचं आणि घ्यायचं काय?

दोन्ही बाजू खरं बोलतायत, फक्त मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीच्या वेगवेगळ्या काळांबद्दल. वयस्करांच्या मनात १९९८ च्या आधीचं दुकान आणि त्यानंतरचा अपेक्षाभंग आहे, तरुणांनी पाहिलंय ते गेल्या तीन-चार वर्षांतलं. मधली वीसेक वर्षं कपड्यांच्या बाजूला ओढगस्तीचीच होती. कापड हलकं झालं म्हणून नाव गेलं असं सगळे म्हणतात. मला वाटतं, कापडाच्या आधी बिघडली ती कापड ठरवण्याची आणि तपासण्याची पद्धत. खाण्याच्या बाजूला ती पद्धत मोडली नाही, म्हणून तिथला विश्वास टिकला.

ही पद्धत काय होती ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. १८८४ मध्ये मायकेल मार्क्सने लीड्सच्या कर्कगेट बाजारात ‘भाव विचारू नका, सगळं एका पेनीला’ म्हणत टपरी मांडली. थॉमस स्पेन्सर १८९४ मध्ये भागीदार झाला. १९२८ पासून मालावर ‘सेंट मायकेल’ हा स्वतःचाच छाप आला, आणि हळूहळू दुकानात दुसऱ्या कुणाचं नाव दिसेनासं झालं. सूत कुठलं, वीण किती घट्ट, रंग किती धुण्यांत विटता कामा नये, हे कारखाना ठरवत नसे. दुकान ठरवून देत असे. त्यासाठी १९३० च्या दशकातच कंपनीने कापड तपासायची स्वतःची प्रयोगशाळा काढली. माल बहुतांश ब्रिटनमधल्याच कारखान्यांत शिवला जाई. बराच काळ दुकानात कपडे घालून बघायला खोल्याच नव्हत्या, म्हणून नाही बसलं तर परत आणा, पैसे घ्या, असा उदार नियम होता. गिऱ्हाइकाने डोकं चालवायची गरजच ठेवली नव्हती. बनियन, मोजे, स्वेटर, शाळेचा गणवेश, ऑफिसची पँट, सगळं डोळे मिटून घ्यावं अशी ती सोय.

१९९८ पर्यंत कंपनीचा करपूर्व नफा एक अब्ज पौंडांवर गेला. ब्रिटनमधल्या किरकोळ विक्रीच्या धंद्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि लगेच घसरण लागली. पौंड महाग झाला होता, त्यामुळे ब्रिटनमध्ये शिवलेला माल परदेशी मालापुढे फार महाग पडू लागला. नेक्स्ट या कपड्यांच्या दुकानसाखळीने ऑफिसच्या कपड्यांत वाटा मारला होता, सुपरमार्केटांनी स्वस्त कपडे आणले, १९९८ मध्येच झारा या स्पॅनिश फॅशन साखळीने लंडनमध्ये दुकान उघडलं. आणि मार्क्स इतकं जुन्या वळणाचं की २००० सालापर्यंत स्वतःचं सोडून दुसरं क्रेडिट कार्डही घेत नव्हतं.

मग घाईघाईने काटछाट झाली. १९९९ मध्ये विल्यम बेअर्ड या जुन्या पुरवठादाराला ‘आता पुरे’ असं कळवलं गेलं. तीस वर्षांचा व्यवहार, पण लेखी करार कधी झालाच नव्हता. बेअर्ड कोर्टात गेले आणि २००१ मध्ये अपील कोर्टातही हरले. ब्रिटनमध्ये करारनामे शिकणारे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. एखाद्या कारखान्याशी तीस वर्षं बोलून ठरलेलं ज्ञान कागदावर नसतं. जागा बदलली की ते सगळं नव्याने लिहून द्यावं लागतं. तेवढा वेळ कुणी दिला नाही. २००० मध्ये ‘सेंट मायकेल’ हळूहळू काढून टाकलं, आणि त्या एका छापाच्या जागी ऑटोग्राफ, पर ऊना, ब्लू हार्बर असे बरेच पोटछाप आले. प्रत्येकाचा गिऱ्हाईक वेगळा, माप वेगळं, कापडाचा दर्जाही वेगळा. एकाच बाईला एका रांगेत १४ नंबर ढगळ आणि पुढच्या रांगेत १४ नंबर घट्ट होऊ लागला. ‘मार्क्सचं आहे ना, मग बघायला नको’ हे वाक्य तिथेच संपलं.

तक्रारीही मजेदार होत्या. २००८ मध्ये जेरेमी पॅक्समन या दबदब्याच्या टीव्ही पत्रकाराने कंपनीच्या प्रमुखांना ईमेल पाठवून सांगितलं की तुमच्या अंडरपँटचा आधार गेलाय. हसण्यावारी गेलं, पण अख्ख्या देशाला ते पटलं, हे महत्त्वाचं. २००९ मध्ये मोठ्या मापाच्या ब्रासाठी जादा दोन पौंड घ्यायचा नियम बायकांनी मोहीम चालवून मागे घ्यायला लावला. ज्या दुकानाबद्दल लोकांना काहीच वाटत नाही, त्याच्या चड्डीबद्दल कुणी ईमेल लिहीत नाही.

२०१६ पासून सततच्या सवलती कमी झाल्या, नगांचे प्रकार घटवले गेले, बरीच दुकानं बंद झाली. २०१९ मध्ये कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांतून बाहेर पडली, २०२३ मध्ये परत आली. कमी प्रकार म्हणजे प्रत्येक प्रकाराचं कापड जास्त प्रमाणात उचलता येतं, आणि मधली मापं लवकर संपत नाहीत. तरुणांना जे ‘आता छान’ वाटतं त्यात फॅशनइतकाच हाही भाग आहे.

आता खरेदीचं. डोळे मिटून घ्यायचे दिवस गेले, पण दोन मिनिटं बघून घेतलं तर तिथे अजून चांगला माल मिळतो.

टी-शर्ट खांद्यांना धरून लोंबकळू द्या. कडेची शिवण सरळ खाली आली पाहिजे. ती पुढे वळत असेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत आणखी फिरून पोटावर येते. सुताचा पीळ नीट बसवून न घेता कापड बेतलं की असं होतं, आणि ते इस्त्रीने जात नाही. मग कापड उजेडाकडे धरा. हाताची बोटं स्पष्ट मोजता आली तर तो फक्त आत घालायचा.

स्वेटरच्या लेबलवर ॲक्रिलिक जास्त असेल तर काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला एका हिवाळ्यात गोळे येणार. ब्रिटनमधल्या थंडीसाठी पूर्ण लोकरीचा लॅम्ब्सवूल किंवा मेरिनो घ्या. मेरिनो मऊ आणि पातळ, कोटाखाली बसतो. लॅम्ब्सवूल थोडा टोचतो पण टिकाऊ. मशीनमध्ये धुण्याची लोकर असं लिहिलेलं असेल तरी लोकरीच्याच चक्रावर आणि तीस अंशांवर.

इस्त्री न लागणारे शर्ट ही या दुकानाची जुनी खासियत, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सुरकुती न पडण्यासाठी सुती धाग्यावर रासायनिक प्रक्रिया करतात, त्याने धागा कडक आणि कमजोर होतो. म्हणून हे शर्ट कॉलरच्या घडीवर आणि कोपरावर आधी फाटतात. रोज ऑफिसला शर्ट लागत असेल तर पाच एकदम घेऊन आळीपाळीने घाला. दोनच घेऊन रगडले तर नाहक दुकानाला शिव्या बसतील.

जीन्समध्ये एक-दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) चालतं. त्याहून जास्त आणि कापडही पातळ असेल तर गुडघे संध्याकाळपर्यंत फुगतात. अंतर्वस्त्रांची बाजू मला अजूनही भक्कम वाटते. मोठ्या दुकानांत ब्राचं माप फुकट घेऊन देतात, आधी वेळ ठरवून जा. ‘इलॅस्टिक पूर्वीसारखं राहिलं नाही’ या तक्रारीत थोडा वाटा कपडे वाळवायच्या यंत्राचाही आहे. इलास्टेनला उष्णता मानवत नाही. चड्ड्या-मोजे दोरीवर वाळवा.

पँट आखूड, नेहमीची आणि लांब अशा तीन लांबींत मिळते, त्यामुळे बुटक्या-उंच माणसाला शिंप्याकडे जावं लागत नाही. मात्र एकाच पँटीचे दोन रंग दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक रंग घालून बघा. महाग पोटछाप म्हणजे चांगलं कापड असंही धरू नका. काही वेळा फरक अस्तर आणि बटणांपुरताच असतो. लेबलवर कापडाचं प्रमाण आणि बनवल्याचा देश वाचा, मग किंमत.

आता खाणं. भारतातून आलेल्या माणसाला या बाजूची कल्पनाच नसते. मुंबई-पुण्यात या नावाची दुकानं आहेत (२००८ पासून रिलायन्सबरोबरच्या भागीदारीत), पण तिथे मुख्यतः कपडेच. ब्रिटनमध्ये मात्र खाण्याची थंड कपाटं हीच दुकानाची खरी ओळख झालीय.

१९३१ मध्ये खाद्यविभाग सुरू झाला. १९७० च्या दशकात त्यांनी गोठवलेल्याऐवजी थंड ठेवलेलं तयार जेवण आणलं, आणि त्यात भारतीय पदार्थही होते. १९७९ चं चिकन कीव (आत लसूण-लोणी भरून पावाच्या चुऱ्यात घोळलेली कोंबडी) आणि १९८० पासूनची बंद डब्यातली सँडविचं ही त्यातलीच. आज प्रत्येक सुपरमार्केटमध्ये दिसतात ती त्यांचीच नक्कल म्हणायला हरकत नाही. गोठवलेलं महिनोन्‌महिने ठेवता येतं, थंड ठेवलेलं काही दिवसच. त्यामुळे कारखाना, ट्रक, दुकान या साखळीत एकदाही तापमान चढून चालत नाही, आणि पुरवठादारावर सतत लक्ष ठेवावंच लागतं. कपड्यांत जी शिस्त २००० नंतर सुटली, ती इथे सोडणं शक्यच नव्हतं. २००९ मध्ये बाहेरच्या कंपन्यांचे चारेकशे पदार्थ ठेवून पाहिले, लवकरच त्यातले बहुतेक काढून टाकले. ते बरंच केलं. सगळीकडे मिळणारी बाटली इथे महाग का घ्यायची, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडू द्यायचा नसतो.

महागडेपणाची तक्रार खरी, पण सरसकट नाही. दूध, अंडी, ब्रेड, केळी असं रोजचं सामान इतरांच्या बरंच जवळ आलंय. ‘रिमार्क्सेबल’ लिहिलेले नग पाहा. फरक पडतो तो कापलेल्या फळांत, सॅलडच्या छोट्या डब्यांत आणि दोघांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जेवणांत, जे दोघा मराठी माणसांना पुरेलच असं नाही. डब्याची किंमत सोडून फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेला किलोचा भाव बघा. दोघांचं रात्रीचं जेवण ठरावीक किमतीत देणारी योजना २००८ च्या मंदीत सुरू झाली होती. त्यात सगळ्यात महाग मुख्य पदार्थ निवडला तरच ती फायद्याची.

तिथल्या भारतीय जेवणाकडून तिखटाची अपेक्षा ठेवू नका. ते ब्रिटिश जिभेसाठी बेतलेलं असतं, सॉस गोडसर. त्यापेक्षा मासे, पाई (सारण भरून भाजलेला पिठाचा पदार्थ), चीज, सूप आणि पुडिंग घ्या. पाई मायक्रोवेव्हमध्ये टाकलीत की तळाचं पीठ ओलंगिच्च होतं. ओव्हनच वापरा, आणि ओव्हन पंख्याचा असेल तर डब्यावर दिलेलं पंख्यासाठीचं कमी तापमान घ्या, सहसा वीस अंशांचा फरक असतो. मायक्रोवेव्हच्या वेळा जास्त वॅटच्या यंत्रासाठी दिलेल्या असतात. तुमचा सातशेचा असेल तर मिनिटभर जास्त ठेवा आणि मधोमध बोट लावून नाही, चमचा घालून बघा.

तारखांचा गोंधळ पहिल्या महिन्यात सगळ्यांचा होतो. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की तो पदार्थ खाऊ नका. पण त्या तारखेपर्यंत बहुतेक पदार्थ गोठवता येतात, डब्यावर तसं लिहिलंय का ते पाहा. ‘बेस्ट बिफोर’ फक्त दर्जाची. २०२२ मध्ये तीनशेहून जास्त फळं-भाज्यांवरून कंपनीने ही दुसरी तारीख काढूनच टाकली, तेव्हा तिथे हाताने चाचपून घ्या. पिवळी चिठ्ठी लावलेला, किंमत उतरवलेला माल त्याच रात्री खायचा किंवा गोठवायचा असेल तरच घ्या.

शाकाहारी असाल तर फक्त ‘शाकाहारी’ असं छापलेला माल घ्या, अंदाजाने नको. परमेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, त्यामुळे पेस्टो आणि पास्ताचे सॉस हमखास फसवतात. मुलांच्या पर्सी पिग गोळ्यांतलं जिलेटिन २०१९ मध्ये काढलंय, पण शेजारच्या दुसऱ्या गोळ्यांत असू शकतं.

किराणा घरपोच हवा असेल तर तो ओकाडो या ऑनलाइन किराणा दुकानामार्फत येतो. ओकाडोच्या ब्रिटनमधल्या किराणा धंद्याचा निम्मा वाटा मार्क्सने २०१९ मध्ये घेतला आणि सप्टेंबर २०२० पासून माल द्यायला सुरुवात केली. तुमचा पिनकोड त्यांच्या टप्प्यात आहे का ते आधी टाकून बघा. एप्रिल २०२५ च्या सायबर हल्ल्यात मार्क्सची स्वतःची वेबसाइट सुमारे सहा आठवडे ऑर्डर घेऊ शकत नव्हती, फळ्याही काही दिवस रिकाम्या होत्या. त्यात ग्राहकांची नावं-पत्तेही चोरीला गेले, म्हणून तिथे खातं असेल तर पासवर्ड दुसरीकडे वापरू नका.

शेवटी दोन गोष्टी. रेल्वे स्टेशन, मोटरवेचे थांबे, पेट्रोलपंप इथली छोटी दुकानं बहुधा दुसऱ्या कंपन्या चालवतात. तिथे भाव चढे असतात आणि जेवणाच्या योजना बऱ्याचदा लागू नसतात, तेव्हा आठवड्याची खरेदी तिथे करू नका. आणि कपडे परत करायची मुदत आता ३५ दिवस आहे, जुन्या लोकांनी सांगितलेलं ‘कधीही परत घेतात’ विसरा. टॅग काढू नका, पावती फोनमध्ये ठेवा, आणि हिवाळ्याचा कोट सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतलात तर थंडी पडून तो घालायची वेळ येईपर्यंत ही मुदत संपलेली असेल.