चार टार्गेट झोनपैकी खरा कुठला?

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी जखम उघडी पडली. आधीचे सिस्टम प्रोग्रामर निवृत्त झाले, ऑडिटवाल्यांना झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम) बसवलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी हवीय, आणि एसएमपी/ई (काय बसवलंय याची नोंद ठेवणारं साधन) उघडल्यावर चार टार्गेट झोन (बसवलेल्या लायब्ररींच्या एकेका संचाची नोंदवही) दिसतायत. अगदी हाच पेच माझ्यापुढे होता.

नोंदी काढायची लिस्ट कमांड कशी चालवायची हे तुम्हाला येतंय, ते सोडतो. एखादी गोष्ट फक्त ग्लोबल झोनमध्ये (सगळ्या झोनची सामाईक नोंद) दिसली तर ती रिसीव्ह झाली, म्हणजे आणून ठेवली, एवढाच अर्थ घ्या. आणि नव्या व्हर्जनने काढून टाकलेले एफएमआयडीही (उत्पादनाच्या व्हर्जनची ओळख) यादीत येतात, त्यांच्यापुढे डेलबाय (कुणामुळे काढलं गेलं) असतं. मी ते न बघता पाठवले होते, ऑडिटरने 'ही जुनी व्हर्जनं अजून का चालू ठेवलीत' म्हणून तासभर उलटतपासणी घेतली.

पण खरा फटका वेगळाच बसला. महिनाअखेरीच्या बॅचमध्ये एक अबेंड (प्रोग्राम मध्येच कोसळणं) यायचा. त्यावरची पीटीएफ (व्हेंडरने दिलेली दुरुस्ती) झोनमध्ये अप्लाय झालेली दिसत होती, म्हणून मी छातीठोकपणे 'बसवलेली आहे' असं कळवलं. झोन होता मेंटेनन्सच्या सिसरेसचा (सिस्टम जिच्यावर असते ती डिस्क) आणि मशीन आयपीएल (बूट) झालं होतं दुसऱ्याच व्हॉल्यूमवरून, म्हणजे डिस्कवरून! सिस्टमची डिस्क क्लोन करताना झोनचीही कॉपी होते, पण प्रत्येक झोनचे डीडीडेफ (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदी) बदलले की नाहीत हे कुणी तपासत नाही. सपोर्टवाल्यांनी माझीच यादी प्रमाण मानली, 'पीटीएफ आहे म्हणजे अडचण नवी आहे, डंप (कोसळतानाची मेमरीची प्रत) पाठवा' म्हणाले. तीन आठवडे डंप पाठवत राहिलो. दर शिफ्टला नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी कथा सांगायची. तुमचं मशीन कुठल्या व्हॉल्यूमवरून उठलंय, हा एक प्रश्न त्यांच्यापैकी कुणीही विचारला नाही. अर्थात मीही स्वतःला विचारला नव्हता, तो भाग वेगळा.

म्हणून माझ्या मते सुरुवात एसएमपी/ईपासून करूच नये. आधी कन्सोलवर डी आयपीएलइन्फो द्या. रिलीज आणि आयपीएल व्हॉल्यूम दोन्ही तिथे मिळतात. मग ज्या झोनचे डीडीडेफ त्या व्हॉल्यूमकडे बोट दाखवतात तोच झोन धरा. डीडीडेफमध्ये व्हॉल्यूमच लिहिलेला नसेल तर शोध कॅटलॉगमधून (कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे याची सिस्टमची सूची) होतो, तिथे जास्त सावध राहा. एखाद्या मॉड्यूलबद्दल शंका आली तर चालू सिस्टमच्या लायब्ररीवर एएमब्लिस्टचं लिस्टआयडीआर (मॉड्यूलमध्येच कोरलेल्या ओळख-नोंदी छापणारी कमांड) चालवा. मला शेवटी त्यानेच सोडवलं: त्यात जुनीच पीटीएफ होती. आयएसआरडीडीएन या टीएसओतल्या साधनातून मॉड्यूल ब्राउझ केलंत तर सुरुवातीलाच बऱ्याचदा नाव, तारीख, एफएमआयडी दिसतात. नावाच्या पहिल्या तीन अक्षरांवरूनही घराणं कळतं: डीएफएच म्हणजे सीआयसीएस (व्यवहार चालवणारं), डीएसएन म्हणजे डीबी२ (डेटाबेस), आयसीएच म्हणजे रॅकएफ (सुरक्षा), आयजीवाय म्हणजे कोबोल कंपायलर.

ऑडिटसाठी आणखी एक. बसवलेलं, सुरू ठेवलेलं आणि वापरातलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. झेड/ओएससोबत येणारे काही पर्यायी घटक डिस्कवर असतात, पण पार्मलिबच्या (सिस्टमच्या सेटिंगची लायब्ररी) आयएफएपीआरडी मेंबरमध्ये डिसेबल्ड असतात. कन्सोलवर डी प्रॉड,रजिस्टर्ड दिलंत तर ज्यांनी स्वतःची नोंद केलीय तेवढेच दिसतील. इतर व्हेंडरांचं सॉफ्टवेअर मात्र अनेकदा एसएमपी/ईच्या बाहेरच बसवलेलं असतं, त्यासाठी लिंकलिस्ट (सिस्टम प्रोग्राम जिथे शोधते त्या लायब्ररी) आणि एपीएफची (विशेष अधिकार दिलेल्या लायब्ररी) यादी काढून एकेक लायब्ररी बघण्याशिवाय इलाज नाही. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा.

हे सगळं माझ्या दोन शॉपच्या (मेनफ्रेम असलेल्या कंपन्यांच्या) अनुभवावरून. तुमच्याकडे क्लोनिंगची पद्धत वेगळी असेल तर झोन निवडायची रीतही बदलेल, आणि कन्सोलची परवानगी नसेल तर ऑपरेशन्सवाल्यांकडून आउटपुट मागून घ्या. यादीच्या पहिल्या ओळीत आयपीएल व्हॉल्यूम, झोनचं नाव आणि तारीख टाका, पुढच्या वर्षी तीच यादी परत मागणार आहेत.