कोकण सायकल टूर: गुहागरच्या मुक्कामाचा दिवस

अलिबागहून गोव्याकडे निघालात की चार-पाच दिवस सलग चढउतार पायांत साचतात. मग गुहागरला एक हलका दिवस हवाच. पण हलका म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. पूर्ण बसलात तर दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. सकाळी 15-20 किमी, सोप्या गिअरवर, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगात फिरा. कुणी पुढे पळालं तरी मागे लागू नका.

निघण्याआधी सायकलिंगच्या चड्ड्या धुऊन वाळत घाला. इथल्या दमट हवेत चड्डीतला पॅड (बसायची गादी) वाळायला दिवस जातो आणि ओलसर पॅडमुळे मांड्या सोलवटतात.

खरं काम चेनचं. खाऱ्या हवेने एका रात्रीत गंज धरतो. गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) किंवा बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तो सांधा) मारू नका. आतलं ग्रीस निघून जातं. चेन कोरडी करून तिच्या कड्यांमधल्या प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल टाका, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढा. राहिलं तर वाळू चिकटते आणि दाते झिजतात. ब्रेक पॅडमध्ये रुतलेले खडे सुईने काढा. कॅरिअरचे बोल्ट आवळा, हे सगळे विसरतात.

सायकल पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, नेऊ नका, फोटोसाठीसुद्धा.

जेवणात भात भरपूर, तळलेलं कमी, सोलकढी हवी तेवढी. उद्या तवसाळ-जयगड फेरीबोट आहे: धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे उतरून चालतच जा.