टक्के दिसले, पण कशाचे?

प्रश्न : सर, आमच्या ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर सी प्लस प्लसमधला एक रिपोर्टिंगचा प्रोग्रॅम चालतो, महिनाअखेरीला जाम स्लो होतो. सीनियर म्हणाला 'पर्फ रेकॉर्ड डॅश जी' मार आणि मग 'पर्फ रिपोर्ट' बघ. मारलं, बघितलं आणि डोकंच भंजाळलं. मेनपुढे चिल्ड्रन ९८ टक्के, सेल्फ शून्य, खाली कुठे ७१ कुठे ६४, बेरीज शंभराच्या कितीतरी वर जाते. वर अर्ध्या ओळींत नावाच्या जागी अननोन. टूलच बिघडलंय का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : टूल ठणठणीत आहे हो. पर्फ म्हणजे सीपीयूचा वेळ प्रोग्रॅमच्या कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं लिनक्सचं टूल. आधी त्यातलं रेकॉर्ड काय करतं ते बघू. तुम्ही अभ्यास करताय का हे बघायला आई मधूनमधून खोलीत डोकावते ना, पर्फ तेच करतं, फक्त सेकंदाला साधारण ४००० वेळा, आणि प्रत्येक वेळी सीपीयू नेमका कुठल्या पत्त्यावरचं काम करत होता ते लिहून ठेवतं (अशा एका नोंदीला म्हणायचं सॅम्पल). डॅश जी दिलं असेल तर त्या फंक्शनला कोणी बोलावलं, त्याला कोणी बोलावलं, ही सगळी साखळीपण लिहितं. हे सगळं 'पर्फ डॉट डेटा' नावाच्या फाइलीत जातं, त्यात सॅम्पलशिवाय कुठली लायब्ररी मेमरीत कुठे लोड झाली, कुठला प्रोसेस जन्मला, कुठला संपला याच्याही नोंदी असतात, कारण त्या नसतील तर नुसत्या पत्त्यावरून फंक्शनचं नाव काढणार कसं? कुठल्या प्रकारच्या किती नोंदी आहेत ते 'पर्फ रिपोर्ट डॅश डॅश स्टॅट्स' मारलं की कळतं, एकदा मारून बघाच.

आता चिल्ड्रन आणि सेल्फ. सेल्फ म्हणजे सीपीयू खुद्द त्या फंक्शनच्या आत सापडला अशी सॅम्पल्स. चिल्ड्रन म्हणजे तो त्या फंक्शनमध्ये किंवा त्याने बोलावलेल्या कुठल्याही फंक्शनमध्ये सापडला अशी सगळी. एकच सॅम्पल साखळीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पडतं, म्हणून चिल्ड्रनची बेरीज शंभराच्या वर जाणारच, ती करायचीच नाही. मेन स्वतः काहीच करत नाही, नुसता दुसऱ्यांना कामाला लावतो (ऑफिसात असे लोक असतातच), म्हणून ९८ आणि शून्य. नवीन माणसाने सरळ 'पर्फ रिपोर्ट डॅश डॅश नो-चिल्ड्रन' मारावं, म्हणजे सेल्फप्रमाणे लिस्ट लागते आणि ती बेरीज शंभरच्या आसपास येते. चिल्ड्रन नंतर बघा, एवढा वेळ कोणामुळे जातोय ते शोधायला त्याचाच उपयोग होतो.

अननोनचं दुखणं बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. एक म्हणजे बायनरीतून (म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलीतून) सिम्बॉल, म्हणजे फंक्शनची नावं, काढून टाकलेले असतात, मग पत्ता आहे पण नाव नाही. डीबग इन्फोचं पॅकेज टाका किंवा बिल्डवाल्यांना सांगा की स्ट्रिप करू नका बाबांनो. दुसरं म्हणजे साखळीच मधे तुटते, कारण ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपायलर फ्रेम पॉइंटर (कोणी बोलावलं तिकडे परत नेणारी खूण) गाळून टाकतो आणि पर्फ बाय डिफॉल्ट त्याच्याच आधाराने वर चढतं. तुमचा कोड तुमच्या हातात असेल तर 'नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' फ्लॅग लावून परत बिल्ड करा, माझ्या मते हाच सगळ्यात बिनडोकेदुखीचा मार्ग. फेडोराने ३८ पासून आणि उबुंटूने २४.०४ पासून आपली पॅकेजं याच पद्धतीने बिल्ड करायला घेतली, तेही ह्याच कटकटीला कंटाळून. दुसरा मार्ग 'डॅश डॅश कॉल-ग्राफ ड्वार्फ' चा, म्हणजे डीबग इन्फो वापरून साखळी शोधायची, पण त्यात फाइल भयंकर फुगते, त्याच्यावर शेवटच्या उत्तरात बोलतो.

जाता जाता, हेच पायथॉनवर करणाऱ्यांना लिस्टमध्ये इंटरप्रिटरचंच एक फंक्शन सगळीकडे दिसतं आणि आपल्या फंक्शनचं नावही नसतं. पायथॉन ३.१२ पासून 'डॅश एक्स पर्फ' देऊन प्रोग्रॅम चालवला की नावं येतात.

प्रश्न : आमच्याकडे एका जॉबला १० मिनिटं लागतात. पर्फ रिपोर्टमध्ये मेमकॉपी (मेमरीतला डेटा इकडून तिकडे कॉपी करणारं फंक्शन) सगळ्यात वर, ४० टक्के. मॅनेजर म्हणतो मेमकॉपी कमी करा म्हणजे जॉब सहा मिनिटात होईल. पण सीपीयू तर १५ टक्केच वापरात दिसतो. हे गणित बरोबर आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि हा घोळ मला इतक्या ठिकाणी दिसतो की काय सांगू. ते ४० टक्के १० मिनिटांचे नाहीतच, ते सॅम्पल्सचे आहेत. रिपोर्टच्या अगदी वरची ओळ वाचा, तिथे किती सॅम्पल्स आणि कुठल्या इव्हेंटची ते लिहिलेलं असतं, बहुतेक 'सायकल्स', म्हणजे सीपीयूच्या घड्याळाचे ठोके. (व्हर्च्युअल मशीनवर हार्डवेअर काउंटर मिळत नसतील तर तिथे 'सीपीयू-क्लॉक' दिसेल.) दोन्हीत गोम एकच, तुमचा प्रोग्रॅम सीपीयूवर असेल तेव्हाच सॅम्पल पडतं. डिस्कची वाट बघतोय, डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतोय, लॉक सुटायची वाट बघतोय, तेव्हा तो झोपलेला असतो आणि झोपलेल्याची नोंद या फाइलीत होतच नाही.

मग हिशोब काय झाला? तुमचा तो १५ टक्क्यांचा आकडा एका कोअरचा धरला तर १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, त्यातले सीपीयूवर ९०, आणि त्या ९० चे ४० टक्के म्हणजे ३६ सेकंद. मेमकॉपी मुळासकट उपटून फेकली तरी जॉब नऊ मिनिटं चोवीस सेकंदांवर येईल. मॅनेजरला हे गणित कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही.

माझी सवय अशी की रेकॉर्डच्या आधी 'पर्फ स्टॅट' मारायचं. त्यात टास्क-क्लॉकपुढे 'सीपीयूज युटिलाइज्ड' चा आकडा येतो. एका थ्रेडचा प्रोग्रॅम असेल आणि आकडा १ च्या जवळ असेल तर पर्फ रिपोर्ट उघडण्यात अर्थ आहे. तुमच्यासारखा ०.१५ आला तर आधी वाट बघण्याचा शोध घ्या. 'पर्फ ट्रेस डॅश एस' ने कुठल्या सिस्टिम कॉलमध्ये किती वेळ गेला त्याची समरी मिळते, आणि 'पर्फ शेड रेकॉर्ड' करून मग 'पर्फ शेड टाइमहिस्ट' मारलं की प्रत्येक टास्क किती वेळ थांबला, उठल्यावर सीपीयू मिळायला किती वेळ लागला आणि किती वेळ खरंच पळाला हे वेगवेगळं दिसतं. यातलं बरंचसं रूटशिवाय चालणार नाही, अॅडमिनला आधी मस्का लावून ठेवा.

प्रश्न : उबुंटूवर कर्नल अपडेट झाला आणि पर्फ चालेनासं झालं, या कर्नलसाठी पर्फ सापडत नाही म्हणतं. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पर्फचा सोर्स लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच असतो, २००९ मध्ये २.६.३१ बरोबर आला तेव्हापासून, म्हणून उबुंटू प्रत्येक कर्नलबरोबर त्याचं वेगळं पॅकेज देतं. 'लिनक्स-टूल्स' पुढे डॅश देऊन 'यूनेम डॅश आर' चं जे उत्तर येतं ते जोडा आणि ते पॅकेज टाका, झालं.

प्रश्न : स्लो होतं रात्री दोनला, कळतं सकाळी दहाला, तेव्हा पर्फ लावून काय मिळणार? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काही नाही. त्यासाठी मशीनच्या वापराच्या नोंदी सतत ठेवणारं सिसस्टॅट पॅकेज आधीपासून चालू हवं, मग 'सार डॅश एफ' पुढे त्या दिवसाची फाइल दिली की सगळा दिवस समोर येतो. रेड हॅटच्या घराण्यात फाइली 'व्हार लॉग एसए' मध्ये असतात, उबुंटूत 'व्हार लॉग सिसस्टॅट' मध्ये. नोंद साधारण दर १० मिनिटांनी होते आणि आकडे सरासरीचे, तेव्हा २० सेकंदांचा झटका त्यात विरघळून जातो हे लक्षात असू द्या. पण दोन वाजता डिस्क पेटली होती का सीपीयू एवढं तरी नक्की कळतं, आणि मग पुढच्या रात्री नेमक्या वेळेला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) पर्फ रेकॉर्ड लावता येतं.

प्रश्न : व्हेंडर म्हणतोय पर्फ डॉट डेटा फाइल मेल करा. पाठवू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जरा थांबा. नुसती फाइल गेली तर त्यांच्याकडे नावं नीट उलगडणारच नाहीत, कारण रिपोर्टच्या वेळी पर्फ ज्या त्या बायनरी शोधतं आणि त्या तुमच्या मशीनवर आहेत, त्यासाठी 'पर्फ आर्काइव्ह' करून ते बंडलसुद्धा द्यावं लागतं. पण मला काळजी वेगळीच आहे. रेकॉर्ड करताना ड्वार्फ वापरलं असेल तर प्रत्येक सॅम्पलबरोबर प्रोग्रॅमच्या स्टॅकचा (चालू फंक्शन्सचा डेटा ठेवायची मेमरी) ८ केबीपर्यंतचा तुकडा जसाच्या तसा फाइलीत उतरतो, आणि त्या क्षणी स्टॅकवर पासवर्ड असेल, ग्राहकाचा खाते नंबर असेल, तर तोही गेला. हेडरमध्ये मशीनचं नाव आणि तुम्ही मारलेली पूर्ण कमांड असते ती वेगळीच. तेव्हा 'पर्फ रिपोर्ट डॅश डॅश एसटीडीआयओ डॅश जी नन' मारून आउटपुट टेक्स्ट फाइलीत घ्या, हेडरच्या ओळी एकदा नजरेखालून घाला आणि ती पाठवा. वरच्या चाळीस-पन्नास ओळीत काम भागतं. नाहीच भागलं तर त्यांना म्हणावं स्क्रीन शेअर करतो, या बघायला.