डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-मनोरंजन कंपनीच्या ‘नाइट ऑफ चॅम्पियन्स’ शोमध्ये सगळे बेल्ट (म्हणजे विजेतेपदं) पणाला लागतात का?

आता नाही. २००७ साली डब्ल्यूडब्ल्यूईने हा प्रकार ‘व्हेंजन्स’ या आपल्या दुसऱ्या शोला जोडून सुरू केला, तेव्हा मात्र अट तीच होती: त्या रात्री प्रत्येक चॅम्पियनने रिंगमध्ये उतरायचंच.

या अटीची खरी मजा २०१५ मध्ये आली. सेथ रॉलिन्सकडे दोन बेल्ट, त्यामुळे लागोपाठ दोन कुस्त्या! आधी जॉन सीनाने त्याच्याकडून यूएस टायटल हिसकावलं, मग दमलेल्या रॉलिन्सने स्टिंगला हरवून मुख्य बेल्ट कसाबसा राखला. (पन्नाशी उलटलेल्या स्टिंगने मान दुखावूनही सामना पुरा केला. पटकथा ठरलेली असली तरी मार खराच लागतो.)

२०२३ ला शो परतला, तो सौदीतल्या जेद्दाहमध्ये. नाव तेच, अट गेली.